माझ्यातून दिसलेला दरोडेखोर

मी एक जुनं भिंग आहे. दाराच्या छातीवर बसवलेलं, करंगळीच्या पेराएवढं. मित्रांनो, मला पापणी नाही. झोप कशी असते हे मी फक्त ऐकून आहे.

कारखान्यात मला घासून गोल केलं तेव्हाच एक खोड लागली. समोरच्याचं नाक भोपळ्याएवढं दाखवायचं आणि पाय काडीएवढे. माझ्या जातीचे सगळेच असं करतात, पण मी त्यात जास्त पटाईत. माझ्यातून पाहिलं तर मांजरसुद्धा दरोडा घालायला आल्यासारखं दिसे!

माझी मालकीण शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर एकटीच राहायची. गिऱ्हाइकांची ये-जा असल्यानं दार दिवसभर सताड उघडं. मी आपलं भिंतीला टेकून निवांत. तीच माझी सुखाची वर्षं.

मग मागच्या गल्लीत एक सायकल चोरीला गेली. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी ती बातमी खाली आणली आणि पायरीगणिक ती फुगत गेली.

"अगं, टोळी आहे टोळी! सुरे घेऊन फिरतात!"

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कशाला पाहू? सगळे सांगतायत ना!"

त्यातच जिन्यातला दिवा गेला. तो कुणी बदलायचा, म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. झालं! दार बंद, कडी, वर साखळी. जरा खुट्ट झालं की मालकिणीचा डोळा माझ्यावर. जिन्यात दिवसासुद्धा अंधार, त्यात माझी खोड. गिऱ्हाइकं दार वाजवून वाजवून दुसरीकडे जाऊ लागली. चोर आलाच नाही, पण हातचं काम मात्र गेलं.

एका दुपारी दार वाजलं. तोंडाला मफलर गुंडाळलेला, खांद्यावर भलंमोठं गाठोडं. मी तर राक्षसच दाखवला.

"घरात चार पहिलवान आहेत!" मालकीण किंचाळली.

बाहेरून नुसतं 'हूं हूं' ऐकू आलं. आरडाओरडा ऐकून मावशी बॅटरी नि झाडू घेऊन धावल्या. उजेड पडला, तर मालकिणीचा धाकटा भाऊ! दाढ सुजली म्हणून मफलर, आणि गाठोड्यात दुरुस्त करून आणलेलं तिचंच शिलाई मशीन.

मफलर सोडवत तो म्हणाला, "ताई, त्या चौघांतला एक तरी बाहेर पाठव गं. खांदा निखळला माझा."

मावशी खो खो हसल्या. आत मालकिणीला भीतीनं कडीच काढता येईना. कडीची ती खडखड ऐकून भावाची थट्टा थांबली. मशीन उतरवून तो पायरीवर बसला.

"सावकाश काढ, ताई. मी कुठं जात नाही."

दार उघडलं. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा काढून त्यानं जिन्यात लावला. मावशी म्हणाल्या, "अरे, मग ती रांधणार कशी?"

"आज ती तुमच्याकडे जेवेल. सुऱ्यांच्या गोष्टी सोडून दुसरं काहीतरी वाढा."

मित्रांनो, मी आता फार थकलंय. मला अधूनमधून फडक्यानं पुसा. पण आधी जिन्यातला दिवा बदला, आणि माझ्यातून कुणी भयंकर दिसलं तर त्याला नाव तरी विचारा. ओळखीचं निघालं तर दार सताड उघडा. तेवढ्यात मी भिंतीला टेकून जरा पडेन.