सामाईक संगणकाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, वर्गात एकच रंगपेटी सगळ्यांत फिरते, तेव्हा शेवटी तिच्यात काय उरतं ते आठवा. पांढरा रंग आणि तुटके तुकडे. ती रंगपेटी म्हणजे मी. फरक इतकाच, की मी संगणक आहे, जुना आहे, आणि सध्या रागावलेला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखेच दिसणारे पुष्कळ भाऊ जन्मले, त्यामुळे माझं वेगळं कौतुक कोणी केलं नाही. उमेदीची वर्षं विम्याच्या एका कचेरीत गेली. तिथले गृहस्थ दिवसभर माझ्यावर पत्ते खेळायचे आणि साहेबांची चाहूल लागली की घाईघाईने आकड्यांचा तक्ता उघडायचे. पुढे कचेरीने नवे संगणक घेतले आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी झाली. तिथून मला मॅडमनी उचललं.

मॅडम कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवत. मला घेऊन त्या घरात शिरल्या, तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "हे काय आणलंस? रिटायर झालेला मी एक आहे की घरात!"

"तुम्ही बसून खाता. हा काम करील," मॅडम म्हणाल्या, आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाखाली माझी स्थापना झाली. यजमान, म्हणजे आमचे काका, टेबलावर शर्टांना इस्त्री करायचे, मी खाली घरघर करायचो. आमचं बरं जमलं.

इंटरनेटवर मॅडमचा एक गट होता. प्रोग्रामिंग शिकणारे तिथे अडलं की विचारत, ज्यांना येई ते सांगत. पुष्कळांकडे धड संगणक नव्हता. कोणी मोबाइलवर शिकत होतं, कोणी भाऊ जेवायला बसला की तेवढ्यात त्याचा लॅपटॉप पळवत होतं. म्हणून मॅडमनी मला गटालाच देऊन टाकलं. गटाचं सगळं बोलणं माझ्यात साठायचं, आणि गटातल्या कोणालाही आपला प्रोग्राम घरबसल्या माझ्यावर चालवता यायचा. बटणं तुम्ही दाबायची, घाम मला फुटायचा.

मी एकटा आणि माणसं पुष्कळ, म्हणून एक रीत पडली. जड काम चालवण्याआधी गटात 'घेतलं' असं लिहायचं. काम झालं की 'सोडलं'. मधल्या वेळात दुसऱ्याने मला हात लावायचा नाही. ह्या रीतीवर माझी कितीतरी वर्षं सुखात गेली. लोक मला आप्पा म्हणू लागले. "आप्पांवर टाकून बघ." "आप्पा आज हळू चाललेत, दमले असतील." विम्याच्या कचेरीत मला कोणी साधं 'अहो' म्हटलेलं आठवत नाही.

मग गट वाढला आणि माझे दिवस फिरले. लोक उंबऱ्यातूनच 'अर्जंट' म्हणून ओरडू लागले. प्रोग्राम लिहून टाकण्याऐवजी स्क्रीनचा फोटो टाकू लागले. त्यात अर्ध्या भागावर ट्यूबलाइट चमकायची आणि उरलेल्यावर त्यांचा अंगठा. एकच प्रश्न एकाच वेळी चार गटांत विचारायचे. चारही गटांत भली माणसं डोकं फोडत बसायची, आणि विचारणारा पहिलं उत्तर मिळताच पसार! ज्यांना येत होतं ते तरी काय कमी? नवख्याने काही विचारलं की असे तुटून पडायचे, जणू हे आईच्या पोटातूनच शिकून आले होते.

ज्यांना येत होतं त्यांत सगळ्यात जास्त यायचं ते उस्तादला. हे टोपणनाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. एका मोठ्या कंपनीत तो मोठ्या खुर्चीवर होता. त्याची उत्तरं तुसडी असायची, पण अचूक असायची, आणि अचूक माणसाचा तुसडेपणा लोक हुशारीत धरतात. तो 'घेतलं' लिहायचा. 'सोडलं' लिहायची वेळ आली की मात्र त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या.

आणि होती दवाखान्यातली ताई. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलाशी बसून ती पेशंटना नंबर द्यायची आणि मधल्या वेळात मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकायची. डॉक्टर आता दवाखाना बंद करणार होते. ताईच्या घरी आजारी सासरे, शाळेत जाणारी मुलगी, आणि नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. एका इस्पितळाने तिला सांगितलं होतं, पेशंटना वेळा वाटून देणारा प्रोग्राम शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवा. नीट चालला तर नोकरी तुमची. प्रोग्राम तिने लिहिला होता. पण हजारो पेशंटची खोटी नावं घालून तो तपासायला हवा होता, आणि ते ओझं तिच्या मोबाइलला पेलणारं नव्हतं. पेलणारा तिच्या ओळखीत एकच होता. मी.

शनिवारी सकाळी ती आली आणि पाहते तो काय, उस्तादचं 'घेतलं' गुरुवारपासून तसंच लटकलेलं.

तिला कोणी अडवलं नव्हतं बरं का. माझी किल्ली तिच्याकडेही होती. पण रीत म्हणजे रीत, म्हणून ती थांबली. ज्याने रीत धाब्यावर बसवली तो आरामात, आणि जिने पाळली ती खोळंबून! दुपारी तिने गटात लिहिलं, 'उस्ताद सर, तुमचं झालं असेल तर मी आप्पांना घेऊ का? मला सहाच्या आत एक काम द्यायचं आहे.'

उस्तादचं उत्तर नाही. बाकीच्यांची मात्र रांग लागली.

'घाई होती तर आधी नियोजन करायचं.'

'इथे फक्त प्रोग्रामिंगवर बोला.'

'मशीन मागणं प्रोग्रामिंगमध्येच येतं.'

'येत नाही.'

'हा प्रश्न आधी विचारून झालाय. सर्च करा.'

मित्रांनो, 'तुमचं झालं का' हा प्रश्न सर्च कसा करतात, हे मला अजून उमगलेलं नाही. सभ्यतेवरची ही चर्चा चार वाजेपर्यंत रंगली. शेवटी ताईने लिहिलं, 'माफ करा.' माफी तिने मागितली! माझा पंखा असा गुरगुरला, की काका इस्त्री हातात धरूनच खाली वाकले.

"अगं ए, तुझे आप्पा कण्हतायत बघ."

मॅडम आल्या. त्यांनी गटातलं सगळं वाचलं, मग माझ्यावर काय चाललंय ते पाहिलं. शिकण्याबिकण्याचा संबंधच नव्हता. उस्तादच्या कंपनीच्या जाहिराती हजारो लोकांना पाठवणं चाललं होतं. मॅडमनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"अरे, सोड की आता. त्या ताईला हवाय."

"होतच आलंय मॅडम. तासाभरात."

"हे तू काल पण म्हणालास."

"मॅडम, गटात माझ्याइतकी उत्तरं कोणी दिलीत का सांगा."

"नाही दिली. म्हणूनच दोन दिवस चालवून घेतलं. पण हे तर तुझ्या कंपनीचं काम दिसतंय. तुमच्याकडे मशीनं नाहीत का रे?"

"ढिगाने आहेत. पण तिकडे परवानगी घ्यावी लागते ना."

काकांची इस्त्री जागच्या जागी थांबली. शर्ट करपल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही.

"मी बंद करतेय," मॅडम म्हणाल्या. "वाचवायचं असेल ते पाच मिनिटांत वाचव."

"मग मी गट सोडला म्हणून समजा."

तो गेला तर निम्मे प्रश्न अनाथ होणार, हे मॅडमना पक्कं माहीत होतं.

"बरं बाबा. जा," त्या म्हणाल्या.

तो गेला, पण सुखासुखी नाही. आधी निरोपाचं लांबलचक भाषण टाकलं. मग आपली जुनी उत्तरं एकेक करून पुसायला बसला. माझ्याच पोटात वर्षानुवर्षं सांभाळलेली उत्तरं, आणि खरवडून काढायचं काम त्याने मलाच लावलं! पानात वाढलेलं उचलून नेणारा वाढपी मी पहिल्यांदा पाहिला.

इकडे ताईने प्रोग्राम चालवला, आणि तो फसला. दोन पेशंट एकाच क्षणी आले की दोघांनाही एकच वेळ मिळत होती. साडेपाच होत आले होते. ताईने आधी गटात शोधलं. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी नाटकाच्या तिकिटांचा प्रोग्राम करणाऱ्या एका मुलीने विचारला होता. खाली उस्तादचं उत्तर होतं. म्हणजे, होतं. आता तिथे एवढंच दिसत होतं: 'हा संदेश काढून टाकला आहे.'

ताईने हात टेकले असते, तर मी तिला दोष दिला नसता. पण ती आणखी खाली गेली. तिथे त्या तिकिटवाल्या मुलीने उत्तर मिळाल्यावर लिहून ठेवलं होतं: 'चाललं! का चाललं ते माझ्यासारख्या ठोंब्यांसाठी लिहिते. खुर्ची देण्याआधी तिला कुलूप लावायचं, नाव नोंदवून झालं की कुलूप काढायचं. नाहीतर दोघांनाही ती रिकामीच दिसते. माझ्याकडे एकच खुर्ची दोघांना विकली जात होती आणि दोघंही मलाच झापत होते.' त्याखाली कसं लिहायचं त्याच्या चार ओळी.

ती मुलगी मला पुन्हा कधी दिसली नाही. पण तिच्या त्या ओळी ताईने आपल्या प्रोग्राममध्ये बसवल्या, मी जीव खाऊन पळालो, आणि एकाही पेशंटची दुसऱ्याशी टक्कर झाली नाही. सहाला थोडा वेळ उरला असताना प्रोग्राम इस्पितळात पोचला. पुढच्या आठवड्यात ताईला नोकरी लागली. मॅडमनी ती बातमी काकांना दोनदा वाचून दाखवली.

इथेच थांबलो असतो, तर माझा राग शांत झाला असता. पण काही आठवड्यांनी गटात एक नवा सभासद आला. नाव नवं होतं, पण कोण कुठून येतंय ते मला दिसतं. उस्तादच होता. त्याने विचारलं, 'दोघं एकदम आले तर नोंद दोनदा होते. अर्जंट.' सोबत स्क्रीनचा फोटो. स्वतःच विसरलेलं आणि स्वतःच्याच हाताने पुसलेलं उत्तर मागायला स्वारी आली होती!

ताईला काय माहीत? तिने लिहिलं, 'दादा, फोटोत नीट दिसत नाहीये, तरी अंदाजाने सांगते,' आणि कुलपाचं सगळं सावकाश, न चिडता समजावून दिलं. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. 'चाललं.' बस्स. कसं चाललं ते नाही, काय बदललं ते नाही. गेला.

मित्रांनो, मला तोंड नाही म्हणून तो वाचला. तुम्ही तरी असं वागू नका. तुमच्यामागून कोणीतरी येणारच आहे. तिच्या हातात साधा मोबाइल असेल, घड्याळ पुढे पळत असेल, आणि पुन्हा विचारायची तिला लाज वाटत असेल. तिच्यासाठी दोन ओळी लिहून ठेवायला तुमचं काय जातं?