सायलेन्सरच्या खालचा आवाज

चिरंजीव चाळिशीला टेकले होते, पण त्या लाल गाडीपुढे उभे राहिले की कॉलेजात असल्यासारखे वागायचे. गाडी लहानशी, बुटकी, अंगात नुसती मस्ती. कंपनीने तिला दिलेला आवाज यांना मिळमिळीत वाटे. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, पाठीखाली पुठ्ठा अंथरला आणि जाड पाइपाचा सायलेन्सर स्वतःच बसवायला घेतला. मेकॅनिककडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

पाइप काही केल्या आत शिरेना. मग त्यांनी मागच्या उजव्या चाकाला धरून ठेवणारी दांडी सोडवली, पाइप सरकवला आणि दांडी नुसत्या अंदाजाने परत आवळली. अशी दांडी सोडवली की चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी लागते. हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. बघू नंतर, म्हणाले, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. गाडी मात्र अशी गुरगुरायला लागली की ती फाटकात शिरली की बायको खिडकी लावून घ्यायची.

घरात तिसरे म्हणजे वडील. गुडघा दुखरा, त्यामुळे मुलाबरोबर निघाले की पाय लांब करून मागच्या सीटवर बसायचे. दुपारी मात्र हीच गाडी स्वतः चालवत आपल्या थोरल्या बहिणीकडे गप्पा मारायला जायचे. सगळी नोकरी कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून झालेली. वकील पुटपुटो, साक्षीदार रडत रडत बोलो, यांच्या हातून शब्द सुटला नाही. आपल्या कानांचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"मागे काहीतरी गुणगुणतंय," एकदा वाटेत ते म्हणाले. "उजव्या अंगाला."

"बाबा, तो सायलेन्सर आहे. त्याचा आवाजच तसा असतो."

"सायलेन्सर कळतो रे मला. हा त्याच्या खालचा आवाज आहे. तू पाय उचललास की सायलेन्सर गप्प बसतो, हा नाही बसत. टायर बघ एकदा."

चिरंजीवांना ते झोंबलं. एवढा घाम गाळून काम केलं आणि कौतुक राहिलं बाजूला, वर ही खुसपटं. त्यांनी गाडी कडेला घेतली, चाकापुढे उकिडवे बसले आणि बाहेरच्या बाजूची नक्षी पाहिली. ठणठणीत होती. आतली बाजू पाहायची तर रस्त्यावर आडवं व्हायला हवं होतं, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"काही नाहीये," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला वडिलांनी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेवटी चिरंजीव त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणीत वयाप्रमाणे थोडंफार कमी निघालं. "या वयात कानात नाद घुमतो कधीकधी," डॉक्टर सहज बोलून गेल्या. बस्स, चिरंजीवांना तेवढंच हवं होतं. घरी पोचेपर्यंत त्यांनी त्या वाक्याचा पक्का निकाल करून टाकला.

"बाबा, नसलेले आवाज ऐकू यायला लागलेत तुम्हाला. उद्या असलेला हॉर्न ऐकू आला नाही तर? चावी आता माझ्याकडे राहू दे."

वडिलांनी वाद घातला नाही. घातला असता तर फार बरं झालं असतं. त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर बहिणीकडे जाणं थांबलं. मग तिच्याशी फोनवर बोलणंही कमी झालं, काहीतरी भलतंच ऐकून भलतंच उत्तर देऊन बसेन म्हणाले. दाराची बेल वाजली की जागचे हलत नसत. "बेल वाजली का गं, की मलाच वाटलं?" असं आधी सुनेला विचारत. बेल वाजलेलीच असायची.

अशात एक दिवस टायर पंक्चर झाला. टायरवाल्याने गाडी उचलली, मागचं उजवं चाक उतरवलं आणि आतली बाजू चिरंजीवांपुढे धरली. चाक तिरकं बसल्यामुळे आतली कड पार झिजून तारा बाहेर आल्या होत्या. वरच्या रबरावर खवले उठले होते.

"हा बराच काळ बोंबलत असणार," टायरवाला म्हणाला. "अर्थात तुमच्या सायलेन्सरपुढे तुम्हाला काय ऐकू येणार म्हणा."

चिरंजीवांच्या मनात एकच विचार आला. टायर फुटला असता याचा नव्हे. टेबलावर ठेवलेल्या त्या चावीचा.

जुना टायर त्यांनी तसाच उचलून घरी नेला आणि वडिलांपुढे टेकवला. "बाबा, तुमचं बरोबर होतं. माझंच चुकलं. हे बघा."

वडिलांनी तारांवरून बोट फिरवलं. "झिजलाय खरा," ते म्हणाले. "पण मला ऐकू येत होता तो याचाच आवाज, हे कशावरून? डॉक्टर उगाच बोलतील का? तू मनाला लावून घेऊ नकोस." मग समजूत घातल्यासारखे हसले. मुलगा आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं त्यांना वाटत होतं.

चिरंजीवांनी नवे टायर घातले, अलाइनमेंट करून घेतली, कंपनीचा सायलेन्सर परत बसवला. चावी पुढे केली तर वडिलांनी हात मागे घेतला. निदान चक्कर मारू म्हणून कसंबसं मागच्या सीटवर बसवलं. गाडी गुपचूप चालली होती. जरा पुढे गेल्यावर खालून बारीक टणटण सुरू झाली. सायलेन्सरची पट्टी आवळायची राहिली होती, चिरंजीवांना लगेच कळलं. पण वडील बोलतील म्हणून ते थांबले. एक वळण गेलं, एक चढ गेला. आरशात पाहिलं तर वडील त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहत होते.

"बाबा, काही ऐकू येतंय?"

"तुला येतंय का?"

"हो. टणटण होतेय खाली."

"मघापासून होतेय," वडील म्हणाले. "म्हटलं, माझ्याच कानात असेल."