सुपात अडकलेले सात दाणे

डिसेंबरचा दुसरा मंगळवार. वेळ दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. स्थळ, मोहटोली गावच्या शाळेचं आवार. सहावीतली रोशनी पाणी प्यायला नळाकडे निघाली, चार पावलं चालली आणि मातीतच बसली. "बाई, जमीन झुल्यावानी हालून राह्यली," ती म्हणाली. तिच्या मागोमाग आणखी अठरा मुलं बसली. कोणी ओकलं, कोणी भिंत धरून विनाकारण हसत सुटलं, कोणाचे डोळे उघडेनात.

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत दोषी कोण, ते ठरलं होतं. साक्षीदार मात्र एकही तपासला नव्हता. मला तरी कोणी विचारलं नाही. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकखोलीत, ओट्यावर पालथा पडलो होतो.

मी सूप बोलतोय. बांबूचं, पाखडायचं सूप. ज्या घासावरून एवढं सगळं घडलं, त्याचा एकूण एक दाणा आधी माझ्यावरून गेला आहे.

संशय घेणं हा माझा जन्मापासूनचा धंदा. माझ्यात पडलेलं धान्य मी चांगलं समजत नाही. आधी उडवतो, मग मानतो. खडा, कोंडा, पोचट दाणा वेगळा निघेपर्यंत माझ्या लेखी सगळंच धान्य संशयित.

माझा बांबू इथल्याच जंगलातला. सुकलू नावाच्या बुरडानं तो तोडून आणला, तेव्हा नाक्यावर त्याला दोनदा थांबवून विचारलं, बांबू कुठला, कशाला, कोणाचा. माझ्याबद्दल एवढी चौकशी त्यानंतर कोणीही केलेली नाही. सुकलूनं बांबू चिरला, पट्ट्या भिजवल्या आणि तीन दिवसांत मला विणून नागभीडच्या बाजारात मांडलं. तिथे कमळाबाईंनी मला उचलून उन्हासमोर धरलं.

"का जी, हे सूप हाय का चाळणी?"

"पाणी भरून न्या बाई," सुकलू म्हणाला. "गळलं तं परत आणा."

"पाणी नाई, मले कोदो पाखडाचा हाय," असं म्हणून कमळाबाईंनी मला काखेत मारलं आणि मोहटोलीला आणलं.

घर साधं. कमळाबाईंचा मुलगा घनश्याम तलावात जाळं टाकतो. सून प्रेमिला गावातल्या सात बायांचा बचत गट चालवते आणि आठ वर्षं शाळेतली खिचडी शिजवते. बरडावरच्या तुकड्यात हे लोक थोडा कोदो पेरतात. कोदो म्हणजे कोद्रा, बारीक, तांबूस, गरिबाघरचा दाणा. शहरात हल्ली तो पौष्टिक म्हणून चकचकीत पाकिटात विकतात. इथे तो पोट भरतो म्हणून खातात.

कमळाबाई सुनेला सांगायच्या, "पाखडाच्या आधी वास घे. सुपाले नाक नाई, तुले हाय." सुपाला नाक नाही हे त्यांचं म्हणणं मला कधी पटलं नाही, पण बाकीचं सगळं खरं होतं. कापणीच्या वेळी पाऊस लागला आणि ओला दाणा तसाच भरून ठेवला, तर कोदो माततो. मातलेला कोदो खाल्ला की माणसाला झिंग येते, उलटी होते, पायाखालची जमीन फिरते. म्हणून या घरात दोन नियम. नवा कोदो वर्षभर ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, मुरवायचा. आणि भिजल्याचा संशय आला तर मूठभर दाणा आधी कोंबडीपुढे टाकायचा, आणि तिच्याकडे सांजेपर्यंत पाहत राहायचं. कोंबडी झुलली, तर कोदो फेकायचा.

सांजेपर्यंत. हा शब्द लक्षात ठेवा.

त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी गुणवंतराव नावाचे साहेब शाळेत आले. पौष्टिक धान्याच्या कार्यक्रमाची त्या भागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. काचेच्या वाडग्यात मोकळं धान्य, भाज्यांचे तुकडे, वर सुका मेवा आणि हिरवा पाला.

"याला सॅलड म्हणतात. कोदोचं. जिल्ह्यावरून पाहुणे येणार आहेत. तुमच्या गटानं करून दाखवायचं."

"म्हणजे भाताची कोशिंबीर," प्रेमिला म्हणाली.

शाळेच्या भिंतीला लागून घर असलेली बुधरी पदर तोंडाला लावून हसली. "साहेब, म्हशीले ढेप-कुटार कालवून देतो ना, अगदी तसंच दिसते हे."

पण प्रेमिलानं ते मनावर घेतलं. रविवारी तिनं घरी करून पाहिलं. ढोलीतला दोन वर्षांचा कोदो माझ्यात घेतला. एक खडा निघाला, बाकी माल स्वच्छ. तो तिनं तासभर भिजवला, शिजवला, दाणा फुटायच्या आत उतरवला आणि परातीत पसरून वारा घातला. गाजर, काकडी, टमाटर बारीक चिरलं. पोपटीचे, म्हणजे ओल्या वालाचे, दाणे उकडून घातले. शेंगदाणे आणि उन्हाळ्यात जंगलातून आणून स्वतः फोडलेली चारोळी तव्यावर कोरडी भाजली. वर कांद्याची पात, पुदिना आणि मूठभर सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर. लिंबू पिळलं, मीठ, कुटलेलं जिरं आणि चमचाभर जवसाचं तेल. हातानं हलकं कालवलं. दाण्याला दाणा चिकटला नाही.

घनश्याम तलावावरून आला आणि त्यानं उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले. "सगळं बेस हाय. पन यात झिंगे काऊन नाई?"

"साहेबाच्या फोटोत नोहोते."

"मंग त्या साहेबानं तलाव पाह्यला नाई."

कमळाबाईंनी वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली. सासूनं दुसऱ्यांदा मागितलं, याचा अर्थ प्रेमिलाला कळला. ती त्या दिवशी खुशीत होती.

आता मंगळवार. आठ वाजून चाळीस मिनिटांनी शाळेच्या दारात पांढरी गाडी थांबली. चालकानं तीन बंद पिशव्या उतरवल्या. वर रंगीत चित्र आणि शिक्का, 'तपासलेले धान्य'. गुणवंतराव म्हणाले, "घरचा कोदो बाजूला ठेवा. हाच वापरायचा. फोटोत पिशवी दिसली पाहिजे."

प्रेमिलानं एक पिशवी फोडली आणि दाणा माझ्यात ओतला.

मी तेव्हाच सावध झालो. दाणा वजनाला हलका होता. पहिल्याच झटक्यात निम्मा माझ्या पुढच्या कडेकडे पळाला. मध्ये मध्ये काळपट हिरवा रंग. आणि वास, बंद खोलीतल्या ओल्या गोणपाटाचा. प्रेमिलानं मूठ नाकाशी नेली आणि तिचा हात थांबला.

"साहेब, हा नवा कोदो हाय. पावसात भिजलेला वाटते."

"पिशवीवर काय लिहिलंय? तपासलेलं."

"आमी आधी कोंबडीले टाकतो. सांजेपर्यंत पाह्यतो. माझ्या घरचा जुना हाय, मी धावत जाऊन आणतो."

गुणवंतराव हसले. गाडीतून सोबत आलेले दोघेही हसले, कारण साहेब हसले होते. "आता कोंबडीचा रिपोर्ट लागतो काय? प्रेमिलाबाई, अकरा वाजता पाहुणे येतील. तुमच्या गटाला जमत नसेल तर दुसरा गट तयार आहे. सॅलडलाही आणि खिचडीलाही."

शेवटचे दोन शब्द त्यांनी हळू उच्चारले. मी ऐकले. आठ वर्षांची चूल दोन शब्दांत टांगली गेली.

प्रेमिलानं तरी मूठभर दाणा भिंतीपलीकडे टाकला. बुधरीची करडी कोंबडी धावत आली आणि सगळा टिपून गेली. नऊ वाजून पंधरा मिनिटं झाली होती. प्रेमिला भिंतीशी उभी राहून पाहत राहिली. कोंबडी चालली, तिनं माती उकरली, ती ओरडली. पंचवीस मिनिटं झाली.

"काही झालं नाही ना त्या कोंबडीला?" गुणवंतरावांनी विचारलं.

"अजून तं नाई."

"मग?"

आणि प्रेमिलानं चूल पेटवली. ही तिची चूक. मी ती लपवणार नाही. दुसऱ्याचं खोटं पाखडायचं आणि आपल्या घरचं झाकायचं, हे माझ्या विणीत नाही. नियम सांजेपर्यंतचा होता. तिनं तो पंचवीस मिनिटांवर आणला. पण तो कोणाच्या घड्याळानं आणला, हेही लिहून ठेवा.

सव्वाअकराला पंगत बसली. सॅलड देखणं झालं होतं. पाहुण्यांसाठी वेगळ्या ताटल्या होत्या. त्यांनी चमचा तोंडापर्यंत नेला, फोटो निघाला, चमचा परत ताटलीत आला. ही सवय मला नवी होती. आमच्याकडे तोंडाशी गेलेला घास परत येत नाही. नंतर जे एकोणीस जण आजारी पडले त्यांत पाहुणा एकही का नव्हता, याचं उत्तर त्या फोटोत आहे.

मुलं मात्र खरं खात होती. पहिल्या ओळीच्या ताटल्या निम्म्या संपल्या असतील, तेवढ्यात भिंतीपलीकडून बुधरीची आरोळी आली.

"प्रेमिला वं! कोंबडी झुलून राह्यली! थांबव, थांबव!"

भोंग्यावर गाणं लागलं होतं. तरी आरोळी मी ऐकली, प्रेमिलानं ऐकली. ती पळाली. तिनं मुलांच्या ताटल्या ओढल्या, घास हातातून पाडले. दुसरी ओळ वाढायची होती. सगळी परात तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि पाहुण्यांच्या देखत मातीत उलटी केली.

"हे काय चालवलंय!" गुणवंतराव ओरडले. "पाहुणे बसलेत!"

"साहेब, कोदो मातला हाय! लेकरं खाऊन राह्यले!"

शाळेत त्या दिवशी चौसष्ट मुलं होती. एकोणीस जणांना त्रास झाला. उरलेली पंचेचाळीस त्या उलट्या परातीमुळे वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकोणीसही बरी झाली. रोशनीनं तर दवाखान्यातच विचारलं, "बाई, ते चारोळीवालं पुन्हा भेटन काय?" बुधरीची कोंबडी मात्र संध्याकाळी मेली.

पुढचं मी क्रमानं सांगतो. एक वाजून दहा मिनिटांनी चालकानं पिशव्या गाडीत चढवल्या. फोडलेली एक आणि न फोडलेल्या दोन. डॉक्टरांची गाडी सव्वादोनला आली. तेव्हा आवारात ना पिशवी होती, ना पांढरी गाडी. नमुना घ्यायला माणूस तिसऱ्या दिवशी आला. तो शाळेत गेला नाही. तो प्रेमिलाच्या घरी आला आणि त्यानं ढोलीतला कोदो नेला. ज्या धान्याचा एक दाणाही परातीत पडला नव्हता, ते धान्य तपासायला गेलं.

चौकशीच्या कागदात दोन वाक्यं आली. स्वयंपाकी महिलेनं घरगुती धान्य मिसळल्याची शक्यता नाकारता येत नाही. तसंच सदर महिलेनं शिजवलेलं अन्न मातीत सांडून पुरावा नष्ट केला. घनश्यामनं ते वाचून दाखवलं. प्रेमिलानं दुसरं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"पुरावा?" ती म्हणाली. "मी लेकराईच्या तोंडातून घास काढला, त्याले हे पुरावा म्हनतेत?"

त्या कागदापासून शाळेची चूल दुसऱ्या गटाकडे गेली. नळावर बाया तिला आधी पाणी भरू देतात. हा मान नव्हे. तिच्या हंड्याशेजारी हंडा लावायला नको असतो. घरी फक्त रोशनीची आई येऊन बसते आणि बुधरी येते. बुधरी म्हणते, "माह्या कोंबडीनं साक्ष देल्ली, पन तिले सही कुठी येते!" दोघी हसतात. प्रेमिला हसत नाही.

कमळाबाईंनी एकदा मला काखेत मारून थेट गुणवंतरावांचं कार्यालय गाठलं. मला टेबलावर ठेवून बोट दाखवलं. "साहेब, हे पाहा. याच्या विणीत तुमच्या पिशवीतले सात दाणे अटकले हायेत. हे तपासा."

"बाई, सूप पुरावा नसतो."

"कागद असते काय?"

साहेबांनी पाणी विचारलं. ते कमळाबाई प्यायल्या नाहीत.

तेव्हापासून मी प्रेमिलाच्या घरात खुंटीवर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. मला झटकलेलं नाही, धुतलेलं नाही, वर्षातून एकदा मिळणारा शेणमेथीचा लेपही यंदा दिलेला नाही. मुद्दाम. पाखडायला त्यांनी दुसरं सूप आणलं. बिनकामाचं राहणं मला आवडत नाही, पण ही नोकरी मी सोडणार नाही. माझ्या डाव्या कडेला, तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीमध्ये, ते सात दाणे आहेत. काळपट हिरवे, हलके. ज्याला खरं हवं आहे त्यानं चिमटा घेऊन यावं. प्रेमिला दार उघडेल. तिला चूल परत हवी आहे, आणि त्या कागदातलं दुसरं वाक्य खोडून हवं आहे.

एक गोष्ट उरते. शाळेच्या नोंदीत त्या दिवशी एकच पिशवी आल्याचं लिहिलं आहे. मी तीन उतरताना पाहिल्या. न फोडलेल्या दोन पिशव्या एक वाजून दहा मिनिटांनी त्या पांढऱ्या गाडीत होत्या, आणि गाडी फाट्यावरून पुढच्या गावांकडे वळली. त्या दोन पिशव्या कोणत्या शाळेत उतरल्या, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.