दोन सूत पुढे

“कापलीस ना कड दोन्हीकडून?” आत्याने न बघताच विचारलं.

कापली होती. नव्या सदऱ्याचा पुढचा भाग, मागचा भाग, दोन्हींच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या बरोबरीच्या.

“आता कुठली कड कुठलीला पांघरूण घालणार गं?”

कात्रीकडे हात कधी गेला, तिलाच कळलं नव्हतं.

*

हात असा जातो:

सव्वीस वर्षं कारखान्यात ओव्हरलॉक मशीन. सुईशेजारी पातं. कापड सरकतं, पातं जास्तीचं छाटतं, दोरे कडेला गुंडाळतात. पुढचा सदरा. त्याच्या पुढचा. कुशीच्या हजारो शिवणी तिच्या हातून गेल्या. ती कड अंगाला कशी लागत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

*

आता आलं होतं. आजारात वडिलांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. कुशीवर झोपले की सदऱ्याची आतली शिवण काखेपासून कमरेपर्यंत लाल रेघ उमटवायची. परवा रक्त आलं. तेव्हापासून ते उघडेच, चादरीखाली.

“उलटा घाला ना सदरा, आप्पा.”

“उलटा? रविवारी माझ्या जुन्या ऑफिसातले येणारेत. म्हणतील, म्हातारा कामातून गेला.”

“मग येऊ नका म्हणून सांगू?”

ते भिंतीकडे वळले. “सांग.”

तिने सांगितलं नाही. आत्याला बोलावून घेतलं.

*

आत्या, आप्पांची थोरली बहीण. जन्मभर तान्ह्या बाळांचे कपडे हाताने शिवलेली.

“बघ. एक कड दोन सूत पुढे ठेवायची. पाव इंच म्हण हवं तर. धावदोरा घालायचा. मग ती पुढची कड दुमडायची, मागचीला पोटात घ्यायचं आणि आडवं झोपवून बारीक टाके. एक धागा उघडा राहता कामा नये.”

“गाठ कुठे लपवायची?”

“दुमडीत.”

“मशीनवर नाही होणार?”

“होईल. पण मशीनचा दोरा ताठ बसतो. हाताचा जरा ऐकतो.”

“आणि जमली हे कसं कळतं?”

आत्याने मनगटाची आतली बाजू दाखवली. “इथे फिरवून.”

“मला हे कुणी सांगितलंच नाही.”

“तू विचारलंस कधी? छाटायचा पगार घेत होतीस.”

“ताई, ओरडू नकोस पोरीला,” खाटेवरून आप्पा.

“तू गप्प पड रे. उघडाबंब, आणि मध्ये बोलतोय!”

*

बुधवार. दुमड वाकडी. उसवली.

गुरुवार. पुन्हा दोन्ही कडा सारख्या कापल्या. आत्याने कात्री स्वतःच्या मांडीखाली घेतली.

शुक्रवार. टाके मोठे. “हे काय, गोणपाट शिवतेस?”

शनिवार. तिने डोळे मिटून मनगटावर शिवण फिरवली. पुन्हा फिरवली. शिवण नेमकी कुठे आहे, ते शोधावं लागलं.

आत्या चहा टाकायला उठली.

*

रविवारी ऑफिसातले दोघे आले. इस्त्रीचा सदरा, वरच्या बटणापर्यंत लावलेला. आप्पा तासभर खुर्चीत बसले. जुन्या साहेबांची नक्कल केली. मंडळी गेल्यावर सदऱ्यासकट कुशीवर झोपले.

त्यांना जाग आली तेव्हा ती सदऱ्याची कड वर उचलून वाकली होती.

“काय बघतेस?”

“शिवण.”

“मग?”

रेघ कुठेच नव्हती. फासळ्या मात्र एकेक मोजता येत होत्या. माप तिने गेल्या वर्षीच्या सदऱ्यावरून घेतलं होतं.

“छान बसलाय,” ती म्हणाली, आणि कुशीला गोळा झालेलं जास्तीचं कापड हळूच त्यांच्या पाठीमागे सारलं.