बचनागाचं पातेलं

सासूच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून त्या वर्षी बचनागाचं पातेलं चुइफनवर आलं. शीदियनच्या डोंगरात वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी घरोघरी हे पातेलं चढतं. खारवलेली डुकराची तंगडी, आलं आणि बचनागाची मुळं. हाडांत शिरलेली थंडी त्याने निघते, असं सगळे म्हणतात. पण चुइफन नदीपलीकडच्या सखल गावातली, आणि तिच्या माहेरी बचनागाला कुणी हात लावत नसे. लहानपणी तिथल्या एका गवंड्याने कच्चं मूळ दारूत घालून घेतलं होतं. त्याचे निळे पडलेले ओठ ती अजून विसरली नव्हती.

सासू चुलीजवळ स्टूल घेऊन बसली आणि एकेक गोष्ट सांगत राहिली. रात्रभर उकळी मोडू द्यायची नाही, तरच मुळांतलं विष मरतं. पाणी आटलं तर किटलीतलं उकळतंच घालायचं, गार थेंबसुद्धा नको. सासू झोपायला गेल्यावरही चुइफन तिथून हलली नाही. पहाटे बाळ रडायला लागलं, तेवढ्यापुरती ती आत गेली. जाताना तिने धाकट्या दिराला, च्याश्वेनला, जाळाकडे बघायला सांगितलं.

दुपारी पातेलं उतरलं. आधी एकाने खायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, ही तिथली रीत. चुइफनने वाटी भरून घेतली, तोच सासूने डाव्या हाताने ती काढून घेतली.

"तुझं बाळ अंगावर पितंय. मला दे."

म्हातारी सावकाश खात होती आणि चुइफन तिच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. च्याश्वेनचे दोन मित्र जेवायला आले होते. त्यांच्यासमोर त्याने तिची चेष्टा सुरू केली. वहिनी बघतायत अशा, की जणू आईला सुळावर चढवलंय. मित्र हसले. मग तो म्हणाला, "पातेलं भरलेलं दिसतंय ना? पाहुणे येणार म्हणून पहाटे मीच आणखी मूठभर मुळं टाकली."

रात्रभर शिजायला हवी होती ती मुळं अर्ध्या दिवसातच उतरली होती. चुइफनने सासूकडे पाहिलं. ती पालथ्या हाताने ओठ चोळत होती.

"आई, जीभ कशी आहे?"

"मुंग्या येतायत," सासू म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "बोटांनाही."

एका मित्राने वाटी उचलली होती. चुइफनने ती त्याच्या हातातून खाली पाडली. बाळ शेजारच्या मावशीच्या कडेवर दिलं, पातेलं खड्ड्यात ओतून वर माती टाकायला सांगितलं आणि सासूला दोन रजयांत गुंडाळून च्याश्वेनच्या तीनचाकीत घातलं.

डोंगराचा रस्ता संपता संपेना. सासूला वाटेत उलट्या झाल्या. चुइफनने तिचं मनगट धरलं होतं. नाडी दोनदा उडायची, मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही इतकं लांबायचं की चुइफन मनगट आणखी घट्ट धरायची. मग पुन्हा एक ठोका. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, हाच शेवटचा. ती मनातल्या मनात ठोक्यांना विनवत होती.

"त्याला म्हणावं, हळू चालव," सासू जड जिभेने म्हणाली. "दरीत पडलो तर सगळेच जाऊ."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काय खाल्लं एवढंच विचारलं आणि ढकलगाडी आत नेली. दार बंद झालं. च्याश्वेन भिंतीला टेकून खाली बसला. चुइफनला त्याच्या थोबाडीत द्यायची होती, पण हात उचलवत नव्हता. दूध दाटून तिचा सदरा ओला झाला होता, तेही तिला कळलं नाही.

"आईने कशाला आधी खाल्लं?" तो पुटपुटला.

"मी खाणार होते," चुइफन म्हणाली. "त्यांनी माझ्या हातून घेतलं."

आतून ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता, मध्येच अडखळत, मध्येच घाईघाईने. त्या आवाजाशिवाय चुइफनला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ठोके बरेच जाग्यावर आले आहेत, पण आज इथेच ठेवावं लागेल, म्हणाल्या. एकाला आत जायला हरकत नाही.

सासूचा चेहरा उशीवर अगदी छोटा दिसत होता. तिने डोळे उघडले.

"पातेलं?"

"पुरून टाकलं."

"तंगडीसकट?"

"तंगडीसकट."

सासूने डोळे मिटले आणि मोठा उसासा टाकला. "दोन वर्षं टांगून ठेवली होती मी ती."

चुइफनला हसू आलं. ती खाटेची कड धरून खाली बसली, आणि सासूच्या प्लास्टरवर डोकं ठेवून दिवसभरात पहिल्यांदा रडली.