रविवारी सुई निघत नाही

जर्मन आमच्या देशात घुसले त्याचा तिसरा दिवस, रविवार. आमचं एक फोकर लढाऊ विमान पेट्रोल संपून बटाट्याच्या शेतात उतरलं होतं. वैमानिक सार्जंट सीब्रांड. मी मेकॅनिक, मोटारसायकलच्या साइडकारमध्ये पेट्रोलचे डबे कोंबून पोचलो. जर्मन पलीकडच्या गावात शिरलेले. ते यायच्या आत विमान उडवायचं, नाहीतर त्यांच्या घशात.

विमान गुणाचं हो! पुढचं अंग पत्र्याचं, पंख लाकडाचे, शेपूट कापडाचं. चाकं पोटात जात नाहीत, आमच्या ताब्यातल्या जावा बेटावरच्या ओबडधोबड मैदानांसाठीच आखलेलं. पण चाकांवरच्या बुटासारख्या झाकणांत आमची चिकणमाती गच्च बसलेली.

चर्च सुटलं होतं. काळ्या कपड्यांतलं अख्खं गाव बांधावर उभं.

"काका, जरा धक्का मारा, रस्त्यावर घेऊ, तिथून उडवतो," सीब्रांड म्हणाला.

बास्तियान, चर्चमधला मोठा माणूस, हात मागं बांधून बोलला, "आज प्रभूचा दिवस. आम्ही काम करत नाही."

"जर्मन करतायत की!"

"त्यांचं पाप त्यांच्यापाशी."

घ्या! आम्ही दोघं चाकाखाली आडवे होऊन माती उकरायला लागलो. तेवढ्यात मागं टर्रकन आवाज झाला. बघतो तर बास्तियानची बायको नेलतिये, हातात नवऱ्याचा सफरचंद कापायचा चाकू. शेपटाच्या सुकाणूचं नारिंगी कापड सोलून काढलेलं! नुसता सांगाडा उरला, आता विमान वळणार कशानं? पोरीसोरी त्याच्या फिती छातीला लावतायत.

"राणीसाहेबांचा रंग. आठवण म्हणून," बाई म्हणाली, डोळ्यांत पाणी बिणी आणून.

सीब्रांड शिव्या गिळून बोलला, "मावशी, ते परत द्या. सुईदोरा द्या, मी कसंबसं शिवतो."

"सुई? आज?" ती दचकलीच. "आमच्या घरात रविवारी सुई निघत नाही बाबा. उद्या या."

उद्या! उद्या इथं जर्मन असणार.

पलीकडं तोफ वाजली. सीब्रांडनं मी आणलेला डबा उचलला, बसायच्या जागेत ओतला, शेपटावर ओतला.

"अहो, माझे बटाट्याचे कोंब जळतील!" बास्तियान ओरडला.

"काका, काडी ओढणं कामात धरता का तुम्ही?"

सीब्रांडनं काडी ओढली.

माणसं नाकाला रुमाल लावून मागं सरली. नेलतियेनं आपली चिंधी कोटाच्या आत घातली, ठिणगी पडू नये म्हणून. मी तिच्या पायाशी थुंकलो, सीब्रांडला साइडकारमध्ये बसवलं आणि निघालो.