निघण्याआधी पाच मिनिटं पोचणारं विमान

"जगात खरं असतं ते अंतर. वेळ म्हणजे माणसांनी आपापसात केलेली तडजोड," असं हेलगे लिंडरूस यांनी तुर्कूहून स्टॉकहोमला निघालेल्या विमानात जाहीर केलं. शेजारच्या बाईंनी खिडकीची झडप खाली ओढली आणि डोळे मिटून घेतले.

हेलगेंनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. अंतर अडीचशे किलोमीटर, उड्डाण पंचावन्न मिनिटांचं. स्वीडनची घड्याळं फिनलंडच्या तासभर मागे, म्हणून एकला निघालेलं विमान एकला पाच कमी असताना उतरतं. सगळं तोंडपाठ. फक्त दहा वर्षांपूर्वी, बहिणीच्या, गुनवोरच्या, साठीला जाताना, मनगटावरचं घड्याळ मागे करायचं तेवढं राहिलं. तीनच्या कॉफीला ते दोनला दारात हजर. गुनवोर केसांत रोलर आणि हातात फरशीचं फडकं घेऊन आली, आणि हेलगेंनी तिला तिथेच उभं करून रेखांश समजावून सांगितले. तेव्हापासून अबोला होता. आता सत्तरीला तिचं कार्ड आलं होतं: तीन वाजता ये. आधी नको, नंतर नको. या वेळी चुकलं तर ऐंशीचं कार्ड येणार नाही, हे हेलगेंना कळत होतं.

म्हणून विमान उडताच त्यांनी काट्याचा एक पूर्ण फेरा मोजून घड्याळ तासभर मागे केलं. किती वाजलेत ते बघितलं नाही. त्यांच्या बायकोने, बेनिताने, सकाळी घड्याळाला किल्ली देतानाच ते तासभर मागे करून ठेवलं होतं. सांगितलं तर भाषण ऐकावं लागतं, म्हणून ती काही बोलली नव्हती.

स्टॉकहोमच्या स्टेशनातलं घड्याळ त्यांच्या घड्याळाच्या तासभर पुढे निघालं. गेल्याच रविवारी उन्हाळी वेळ लागली होती, सगळ्यांना घड्याळं तासभर पुढे करावी लागली होती. इथे कुणीतरी काटा दोनदा सरकवलेला दिसतोय, असं म्हणून हेलगेंनी कीव केली, मग ते सावकाश जेवले आणि त्यांनी ट्यूलिप घेतले.

गुनवोरच्या इमारतीशी पोचले तेव्हा त्यांच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. वेळेआधी बेल वाजवणं उशिरापेक्षा वाईट. त्यांनी इमारतीला चार चकरा मारल्या आणि तीनला बेल दाबली.

गुनवोरने दार उघडलं. केस नीट बसवलेले. तिने आधी ट्यूलिपकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि आत ये म्हणाली. स्वयंपाकघरात कपाटाच्या वर, छताला टेकून, भिंतीवरचं घड्याळ होतं. बरोबर तीन. हेलगेंनी त्याच्याकडे बोट केलं.

"बघ. तीनच्या ठोक्याला," ते म्हणाले.

"बघितलं ना. खिडकीतून चकराही मोजल्या. म्हटलं, हा येतोय की पहारा देतोय."

कॉफी कोमट होती आणि केकच्या कडा सुकल्या होत्या. हेलगेंनी तरी दुसरा तुकडा मागून घेतला आणि ते वक्तशीरपणावर थोडं बोलले. गुनवोरने कप पुन्हा भरला, आणि कोपऱ्यातलं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं.

"खाऊन झालं की यावर चढ, आणि ते घड्याळ एक तास पुढे कर. रविवारपासून तसंच आहे, माझा हात पोचत नाही."